गणपती पेठेतला फाइल सर्व्हर : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आज कामाला हात घातला. सांगलीच्या गणपती पेठेतली हळद-बेदाण्याची अडत पेढी. सौदे मार्केट यार्डात होतात, पण पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब), काट्याच्या पावत्या, शीतगृहाच्या पावत्या, उचलीचा हिशोब असं सगळं पेठेतल्या जागेत. फाइल सर्व्हर (सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारं मशीन) म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला जुना पीसी. आधीचा २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेला, त्यानंतर आठवड्याभरात घाईने हा उभा केला होता. उभा करणारा मीच. त्यामुळे त्यात जे चुकलंय ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

नवीन मशीन पहिल्या मजल्यावर भिंतीला लोखंडी मांडणीवर बसवलं. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर सांबा ४.१७, म्हणजे लिनक्सवरच्या फाइली विंडोजच्या पीसींना देणारा प्रोग्राम. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या पीसीवरून नेटवर्कने, शिरायचं आणि सगळं कमांडने करायचं. कारभार आता दादा बघतात. त्यांनी विचारलं, ब्राउझरमध्ये दिसणारं एखादं पॅनल का टाकत नाही? सांगितलं की पॅनलमध्ये मी कुठे टिक केली हे सहा महिन्यांनी मलाच आठवत नाही. कमांड मात्र या वहीत जशीच्या तशी उतरवता येते, आणि उद्या माझ्या जागी दुसरा कोणी आला तर त्याला वाचता येते. पटलं त्यांना.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. हळदीची आवक ओसरली आहे, तेवढीच उसंत.

३ जून, मंगळवार

जुन्या सर्व्हरवरची खाती पाहिली. ‘पीडीबीएडिट -एल -डब्ल्यू’ दिलं (एल मोठा, डब्ल्यू लहान) की प्रत्येक खात्याची एक ओळ येते आणि तीत पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेली खूण) असतो. अकरा ओळी आल्या. त्यातल्या सात ओळींतला हॅश अक्षर न् अक्षर सारखा.

असं दिसतं याचं कारण सांबा जो हॅश ठेवतो तो विंडोजच्या जुन्या पद्धतीचा आहे. पासवर्डवर एमडी४ नावाचं गणित चालवायचं, बस्स. त्यात प्रत्येक खात्यासाठी वेगळं मीठ (पासवर्डला जोडायची कशीही निवडलेली अक्षरं) घालत नाहीत, म्हणून दोघांचा पासवर्ड एक असला की हॅशही एकच. लिनक्सच्या स्वतःच्या पासवर्डच्या शॅडो फाइलमध्ये असं दिसत नाही, तिथे मीठ वेगवेगळं असतं. म्हणूनच ही सांबाची फाइल जिवापाड जपायची. ती ज्याच्या हाती लागेल त्याला मूळ पासवर्ड ठाऊक नसतानाही त्या खात्याच्या नावाने शिरता येतं.

सात जणांचा पासवर्ड एकच म्हणजे पेढीचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. दिवाणजीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, “पूर्वी तिजोरीची सोडली तर बाकीच्या किल्ल्या खिळ्यालाच लोंबकळायच्या. ज्याला लागंल त्यानं घ्यायची. त्यात वावगं काय?” काकांना पेढीत चाळीस वर्षं झाली, एक पै इकडची तिकडे झालेली नाही. पण तेव्हा खिळ्यापाशी कोण उभं आहे हे दहा जणांना दिसत होतं.

५ जून, गुरुवार

आजचा दिवस वाईट गेला, आणि तो माझ्यामुळे.

फेब्रुवारीतली एक पट्टी चुकली होती. एका लॉटची ३८ पोती होती, नोंद ८३ ची. आकडे उलटे पडले. शेतकरी पावती घेऊन आला, फरक निघाला, मिटलाही. पण ही नोंद कोणाची हे बघायला दादांनी त्या फाइलवर राइट क्लिक करून मालक कोण ते पाहिलं. तिथे हिशोबाच्या ताईंचं नाव. दादांनी सगळ्यांसमोर विचारलं, “ताई, एवढी पट्टी करताना एकदा काट्याची पावती बघायची न्हाई का?”

ताई पेढीत लागल्या १५ एप्रिलला. फाइल फेब्रुवारीची. त्यांनी तसं सांगितलंही, पण कॉम्प्युटर त्यांचं नाव दाखवतोय म्हटल्यावर त्यांचं ऐकून कोण घेणार? दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही, तसाच घरी नेला.

मी संध्याकाळी बसून शोधलं. तासभर लागला नाही, कारण कुठे बघायचं ते लगेच लक्षात आलं.

लिनक्स फाइलवर नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितं. त्या फाइलवर क्रमांक आहे १०१२. आज १०१२ म्हणजे ताई. पण मार्चपर्यंत १०१२ होता काट्यावरचा मुलगा, जो नोकरी सोडून पुण्याला गेला. तो गेल्यावर मी ‘यूजरडेल’ करून त्याचं खातं पुसलं. एप्रिलमध्ये ताईंचं खातं ‘यूजरअ‍ॅड’ने केलं. क्रमांक सांगितला नाही तर यूजरअ‍ॅड यादीतल्या सगळ्यात मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देतं. पुसलेला मुलगाच यादीत शेवटचा होता, त्यामुळे मोठा क्रमांक उरला १०११, आणि पुढचा पुन्हा १०१२. त्याच्या सगळ्या जुन्या फाइली एका रात्रीत ताईंच्या झाल्या. त्यात त्याचं उचलीच्या हिशोबाचं खाजगी फोल्डरही होतं, आणि तेही ताईंना उघडत होतं. त्यांनी ते कधी उघडलं नाही, तो त्यांचा सरळपणा. सर्व्हरने अडवलं नव्हतं.

६ जून, शुक्रवार

सकाळी आधी दादांकडे गेलो, कालचं सगळं कागदावर मांडून दाखवलं. दोन्ही खात्यांच्या तारखा जुन्या लॉगमध्ये सापडल्या. दादा उठून हिशोबाच्या टेबलापाशी गेले आणि काल जसं सगळ्यांसमोर विचारलं होतं तसंच सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, ती नोंद तुमची नव्हती. माझं चुकलं.” मीही माझी चूक सांगितली. ताई एवढंच म्हणाल्या, “मग आता त्या फाइलींवरचं माझं नाव काढा.”

तेच आता या प्रकल्पातलं पहिलं काम.

जुन्या फाइलींतून ‘फाइंड’ने १०१२ क्रमांकाच्या आणि १५ एप्रिलपूर्वी शेवटच्या बदललेल्या फाइली वेगळ्या काढल्या : ४१२. त्या त्या मुलाच्या. नंतरच्या तारखेच्या ६० वर होत्या, त्या ताईंना शेजारी बसवून एकेक पाहिल्या, कारण तारखेवरून निकाल लागत नाही. एक्सेल नेटवर्कवरची फाइल सेव्ह करताना तीच फाइल खरडत नाही. आधी नवी तात्पुरती फाइल लिहितं आणि मग तिला जुन्या फाइलीचं नाव देतं. त्यामुळे मालक म्हणून दिसतो तो शेवटचा सेव्ह करणारा. आकडा कोणी भरला हे त्यातून कळत नाही. दादांना हे दोनदा समजावलं. यापुढे राइट क्लिक करून कोणाला जाब विचारायचा नाही, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. कोणी कधी फाइल उघडली, नाव बदललं, पुसली याची नोंद नवीन सर्व्हरवर सांबाच्या ‘फुल ऑडिट’ मॉड्यूलने वेगळी ठेवणार आहे.

९ जून, सोमवार

खात्यांची नावं कशी ठेवायची यावर बराच विचार केला. नाव-आडनावावरून नको, कारण पेढीत एकाच नावाचे दोघे आहेत आणि एकाच आडनावाचे चौघे. टेबलावरून नको (‘काटा१’, ‘हिशोब२’), कारण टेबलावर माणूस बदलतो आणि खातं तेच राहतं. म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

उत्तर काकांच्या हजेरीवहीत मिळालं. पेढी सुरू झाल्यापासून प्रत्येक माणसाला वहीत एक क्रमांक आहे आणि माणूस गेला तरी तो क्रमांक दुसऱ्याला दिलेला नाही. “गेलेल्याचा नंबर नव्याला द्यायचा नसतो, हिशोब मिसळतो,” काका म्हणाले. मी कॉम्प्युटरवर सहा वर्षं जे केलं नाही ते त्यांच्या वहीत मुळापासून आहे.

तर ठरलं : हजेरीवहीतला क्रमांक हेच खातं. ताई वहीत २६, म्हणून खातं ‘एच२६’, आणि लिनक्सचा क्रमांक ३०००+२६, म्हणजे ३०२६. यूजरअ‍ॅडला ‘-यू’ देऊन हा क्रमांक दरवेळी हाताने सांगायचा, त्याच्यावर सोडायचं नाही. ‘-एम’ (मोठा) म्हणजे होम फोल्डर बनवू नको. ‘-एस’ पुढे ‘नोलॉगिन’चा मार्ग, म्हणजे या खात्याने सर्व्हरच्या कमांड लाइनवर कोणी येऊ शकणार नाही. लिनक्सचा पासवर्ड द्यायचाच नाही. मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए एच२६’ करून सांबाचा पासवर्ड.

दोन वेगळ्या याद्या आहेत हे पुढच्या माणसासाठी स्पष्ट लिहून ठेवतो. फाइल कोणाची, कोण कोणत्या गटात, हे लिनक्सची यादी सांगते. दारात पासवर्ड तपासते ती सांबाची. सांबाच्या यादीत घालण्याआधी माणूस लिनक्सच्या यादीत असावा लागतो, नाहीतर एसएमबीपासडब्ल्यूडी खातं करायला नकार देतं. आणि एका यादीतून काढला म्हणून दुसरीतून आपोआप निघत नाही.

काकांनी ‘सांबा’ म्हणजे काय विचारलं. त्यांना वाटलं शंकर. सांगितलं की हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहायला घेतलं. आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात सांबा निघालं. एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल देण्याघेण्याची भाषा. काकांना अक्षरांची गोष्ट आवडली.

११ जून, बुधवार

तेरा खाती एकेक करण्याऐवजी छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादी दादांच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये केली (क्रमांक, गट, सुरुवातीचा पासवर्ड), सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली, सर्व्हरवर आणली. स्क्रिप्ट ओळ वाचते, यूजरअ‍ॅड करते आणि पासवर्ड दोनदा ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -एस -ए’च्या तोंडात सोडते. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहायचा नाही, तो इतिहासात राहतो आणि चालू प्रक्रियांच्या यादीतही दिसतो.

तेराच्या तेरा खाती तयार, एकही चूक नाही. आणि एकाचाही पासवर्ड लागेना.

दोन तास गेले. हॅश पुन्हा काढले, सांबा पुन्हा चालू केलं, विंडोजच्या फायरवॉलवर संशय घेतला. शेवटी सीएसव्ही ‘कॅट -ए’ (ए मोठा) करून बघितली तेव्हा प्रत्येक ओळीच्या टोकाला टोपीसारखं चिन्ह आणि एम दिसलं. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, लिनक्स एकच. जास्तीची खूण शेवटच्या रकान्याला चिकटली, आणि शेवटचा रकाना पासवर्डचा. म्हणजे प्रत्येकाच्या पासवर्डला एक न दिसणारं, कीबोर्डवरून न येणारं अक्षर जोडलं गेलं होतं. ‘टीआर -डी’ने ती खूण काढली, पासवर्ड पुन्हा घातले. लागले.

काम झाल्यावर पासवर्डची सीएसव्ही दोन्हीकडून पुसली. सुरुवातीचा पासवर्ड ज्याचा त्याला चिठ्ठीवर दिला आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बदलून घेतला. कमीत कमी दहा अक्षरं हा नियम ‘पीडीबीएडिट -पी’ने (पी मोठा) लावला आहे.

१४ जून, शनिवार

गट चार : सौदे, काटा, हिशोब, शीतगृह. प्रत्येक गटाचा एक फोल्डर, हक्क २७७०, म्हणजे मालकाला आणि गटाला सगळं, बाकीच्यांना काही नाही. पुढच्या २ मुळे आत तयार होणाऱ्या नव्या फाइलीला फोल्डरचाच गट लागतो, करणाऱ्याचा स्वतःचा नाही. सांबाचा ‘क्रिएट मास्क’ (नव्या फाइलीवर कोणते हक्क टिकू द्यायचे ते) मुळात ०७४४ असतो आणि तो गटाची लिहिण्याची परवानगी कापून टाकतो. म्हणून एकाने केलेली पट्टी दुसऱ्याला फक्त वाचता येते, आणि माणसं कंटाळून ‘कॉपी ऑफ’, ‘फायनल २’ अशा फाइली करत बसतात. मास्क ०६६० केला. जुन्या सर्व्हरवर असल्या कॉप्यांनी एक फोल्डर भरला होता. लोकांना शिस्त नाही म्हणून मी तेव्हा चिडायचो. परवानगी मीच दिली नव्हती.

आज एक चूक केली, इथे लिहून ठेवतो. शीतगृहाच्या माणसाला सौद्यांचा फोल्डरही हवा होता. ‘यूजरमॉड -जी सौदे’ (जी मोठा) दिलं. त्याआधी ‘-ए’ लावायला विसरलो. ए नसला तर ही कमांड गट वाढवत नाही, आधीचे सगळे काढून फक्त नवा ठेवते. त्याचं शीतगृह बंद. चालू असलेल्या जोडणीत जुनेच गट धरलेले असतात, म्हणून जेवणापर्यंत काही कळलं नाही. जेवून येऊन त्याने पीसी चालू केला तेव्हा दार बंद. तोवर दोन गाड्या माल उतरून पावतीसाठी थांबल्या होत्या. यापुढे गटात घालायला ‘जीपासडब्ल्यूडी -ए’ आणि काढायला ‘जीपासडब्ल्यूडी -डी’ हेच वापरणार. त्यात एका वेळी एकच माणूस आणि एकच गट हलतो.

१७ जून, मंगळवार

यार्डातल्या एका पीसीवरून फोल्डर दिसतात पण उघडत नाहीत. त्याने एच०९ च्या जागी एच९ टाईप केलं होतं. तरी आत कसा घेतला? डेबियनच्या मूळ मांडणीत ‘मॅप टू गेस्ट = बॅड यूजर’ अशी ओळ असते. नाव ओळखीचं नसेल तर नकार न देता पाहुणा म्हणून घ्या, असा तिचा अर्थ. पाहुण्याला फोल्डरांची नावं दिसतात, आत जाता येत नाही, आणि चूक नेमकी काय झाली ते कळतच नाही. ‘नेव्हर’ केलं. आता चूक असेल तर विंडोज तोंडावर सांगतं.

दुसरं, १२१९ नंबरची एरर तीन पीसींवर. एका वेळी एकाच सर्व्हरशी दोन नावांनी विंडोज बोलत नाही. जुनी जोडणी ‘नेट यूज’ने तोडली, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (विंडोज पासवर्ड लक्षात ठेवतं ती जागा) जुना पासवर्ड काढला.

२१ जून, शनिवार

पाच चुकीच्या पासवर्डनंतर अर्धा तास खातं बंद, हा नियम लावला. मुळात तो शून्य असतो, म्हणजे कितीही वेळा चुका.

झेरॉक्सचं मशीन जुनं, ते फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलतं. सांबाने ती ४.११ पासून मूळ मांडणीत बंद केली आहे. चालू करायला एक ओळ पुरते, दादांचा आग्रहही होता. नाही केली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरलं ते विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या दारातून. मशीन यूएसबी केबलने शेजारच्या पीसीला जोडलं, स्कॅन तिथे येतो.

३० जून, सोमवार

काट्यावरचे मामा दिंडीबरोबर पंढरपूरला निघाले. येत्या रविवारी एकादशी. जाताना त्यांनी पासवर्डची चिठ्ठी त्यांच्या जागी बसणाऱ्या पोराच्या हातात ठेवली. वाईट हेतू नाही, काम अडू नये म्हणून. मी ती मागून घेतली आणि फाडली. पोराला काटा गटात घातलं, दोन मिनिटांचं काम, आणि मामांचं खातं ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -डी’ने तेवढ्यापुरतं बंद केलं. परत आल्यावर ‘-ई’.

मामा जरा दुखावले. “माज्यावर इस्वास न्हाई व्हय?” म्हणाले. त्यांना बसवून ताईंची गोष्ट सांगितली. तुम्ही विठ्ठलासमोर उभे असताना इथे तुमच्या नावाने चुकीचं वजन पडलं तर? ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बंदच ऱ्हाऊ द्या मग. आल्यावर मीच सांगतो.”

९ जुलै, बुधवार

मामा आले, बुक्का लावला, प्रसाद दिला, खातं चालू केलं.

खात्यांचा बॅकअप आजपासून. २०१९ ला फाइलींची प्रत होती पण खात्यांची नव्हती, त्यामुळे फाइली परत आल्या तरी कोणती कोणाची ते कळेना. आता रोज रात्री सांबाच्या पासवर्ड आणि गुपितांच्या फाइली ‘टीडीबीबॅकअप’ने, शिवाय लिनक्सच्या माणसांच्या आणि गटांच्या याद्या, आणि ‘नेट गेटलोकलएसआयडी’चा आकडा (विंडोजच्या लेखी सर्व्हरची ओळख), असं सगळं कुलूपबंद करून मिरजेच्या गोदामातल्या मशीनवर जातं. चालू डेटाबेस साध्या कॉपीने उचलला तर अर्धवट लिहिलेला हाती येऊ शकतो, म्हणून टीडीबीबॅकअप.

पेठेत पाऊस वाढला की एकच चौकशी असते, आयर्विन पुलाला पाणी किती. ४० फूट इशारा, ४५ धोका. मी कागदावर लिहून मांडणीला चिकटवलं : ४० ला पोचलं की सर्व्हर बंद करून मिरजेला हलवायचा. कोणाला विचारत बसायचं नाही, फोनची वाट बघायची नाही.

२१ जुलै, सोमवार

शीतगृहातला एक जण आज नोकरी सोडून गेला. नव्या पद्धतीने सोडणारा हा पहिलाच. क्रमाने केलं : सांबाचं खातं बंद, मग ‘एसएमबीस्टेटस’मध्ये त्याची जोडणी पाहिली. ती अजून उघडी होती, कारण खातं बंद केल्याने चालू जोडणी तुटत नाही. तिचा प्रक्रिया क्रमांक घेऊन ‘किल’. मग दोन्ही गटांतून नाव काढलं. यूजरडेल नाही. त्याच्या फाइलींवर त्याचाच क्रमांक राहिला.

काकांनी हजेरीवही काढली, त्याच्या नावापुढे आजची तारीख घालून तांबड्या शाईने रेघ मारली. उद्या त्याच्या जागी नवीन मुलगा येतोय. काकांनी पान उलटलं आणि त्याच्यासाठी २८ लिहिलं. मी खातं केलं : एच२८, ३०२८.